सोपाननानांची तोंडी आणि लेखी

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सोपाननानांबद्दल इतक्या तक्रारी येणार आहेत की वाचणाऱ्याला वाटावं, बिचाऱ्या मास्तरानं किती सोसलं. मास्तरानं काही सोसलेलं नाही. जे सोसलं ते नानांनी. मी फक्त वैतागलो.

वैतागायला कारण मात्र होतं. नाना ज्या जिवंत माणसाबद्दल इंग्रजीत बोलत, तो माणूस दोन मिनिटांत मरत असे.

परदेशी जाणारे लोक इंग्रजीची जी परीक्षा देतात, तिच्यात बोलण्याचा एक भाग असतो. परीक्षक एक कार्ड देतो. कार्डावर विषय असतो: तुमचा आवडता शिक्षक, तुम्हाला मदत करणारा शेजारी, असं काहीतरी. विचाराला एक मिनिट, बोलायला दोन मिनिटं. मी नानांना पहिलं कार्ड दिलं ते शेजाऱ्याचं. नाना उठून उभे राहिले. टोपी नीट केली. हातात गोठ्यातली टॉर्च होती, ती तोंडाजवळ धरून तिच्यावर दोनदा फुंकर मारली आणि सुरुवात केली.

"माय नेबर बबन. व्हेरी गुड मॅन. ऑल व्हिलेज लव्ह बबन. नेव्हर से नो. टुडे बबन नॉट विथ अस. बिग लॉस टू व्हिलेज, बिग लॉस टू दूध सोसायटी. गॉड गिव्ह पीस टू बबन." मग टॉर्च खाली घेतली आणि डोळे मिटून उभे राहिले.

बबन त्या वेळी खाली अंगणात मोटारसायकल धूत होता.

ज्यांनी आमच्या मुळशीतला दशक्रिया विधी पाहिलेला नाही, त्यांना हे वेड वाटेल. आमच्याकडे दहाव्याला नदीच्या घाटावर माइक असतो. कावळा पिंडाला शिवेपर्यंत आणि शिवल्यावरही श्रद्धांजलीची भाषणं चालतात. आजी-माजी सरपंच बोलतात, दूध सोसायटीचा चेअरमन बोलतो, आणि सगळ्यात शेवटी, लोकांनी आग्रह केला की, सोपाननाना बोलतात. तीस वर्षांत कासार आंबोलीतलं एकही माणूस नानांच्या दोन शब्दांशिवाय वर गेलेलं नाही. ज्याच्याबद्दल चांगलं काही सांगण्यासारखं नाही, अशा माणसाबद्दलही नाना घड्याळ लावल्यासारखे दोन मिनिटं चांगलं बोलतात. त्यामुळे बोलण्याच्या परीक्षेची त्यांना भीती नव्हती. "दोन मिन्टं व्हय? त्यात काय, सर. माज्या अंगवळणी हाय."

तेच तर संकट होतं. पहिल्या महिन्यात नानांनी माझ्या खोलीत बबनला, तालुक्याच्या डॉक्टरला, स्वतःच्या म्हशीला आणि आवडता शिक्षक म्हणून मला मारलं. माझ्याबद्दल ते फार छान बोलले. माझी बायको मंगल आतून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "नाना, ह्यांच्या वेळी हेच म्हणा. मराठीतून."

"म्हणीन की, वैनी. लिहून ठिवलंय."

नानांचं घर खाली आणि आम्ही वरच्या मजल्यावर भाडेकरू, पाच वर्षं झाली. घरामागं त्यांची भाताची खाचरं आणि खाचरांच्या पलीकडं पुणेकरांचे शनिवार-रविवारचे बंगले. नानांनी एकतीस वर्षं ग्रामपंचायतीत कारकून म्हणून काढली आणि तिथून एक वाक्य घेऊन निवृत्त झाले: "तोंडी काय खरं न्हाई. लेखी द्या." मंगलनं जिन्यातून हाक मारून दोन लिंबं मागितली तरी नाना खालून म्हणणार, "लेखी द्या, वैनी," आणि वर लिंबं चार पाठवणार. दारावरच्या भाजीवाल्याशी भाव ठरला की त्याच्याकडून पाठकोऱ्या कागदावर लिहून घेणार. आमचा भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो. तो संपला की नाना आमच्याकडून नव्यानं अर्ज घेतात: विषय, खोली पुढे राहू देणेबाबत. मग त्यावर स्वतःच "मंजूर" लिहून सही करतात.

आता माझी चूक.

मी पौडच्या ज्युनिअर कॉलेजात सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवतो. गावात इंग्रजी म्हणजे मी. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, बँकेचं पत्र काय म्हणतंय, नातवाच्या शाळेनं कशाबद्दल बोलावलंय, सगळं माझ्याकडे येतं. आणि मी सांगतो. माहीत असतं तेव्हा सांगतो, नसतं तेव्हाही सांगतो. "मला माहीत नाही" हे वाक्य मी कासार आंबोलीत कधी उच्चारलेलं मला आठवत नाही. यात काही वाईट आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं. सरांना माहीत नाही म्हटल्यावर लोकांनी कुणाकडे बघायचं, असं मी स्वतःला सांगत असे.

नानांची एकुलती मुलगी वैशाली न्यूझीलंडला नर्स आहे. नवरा तिथंच भेटला, केरळचा. एका संध्याकाळी नाना वर आले, खुर्चीवर न बसता उंबऱ्याशी टेकले आणि म्हणाले, "वैशूला तिसरा म्हैना लागला."

आम्ही आनंद दाखवला. मंगलनं साखर आणली.

"पयलं बाळतपण म्हायेरी व्हाया पायजे," नाना म्हणाले. "पर ती हिकडं येत न्हाई. तिचं डागतर तितलं, ड्युटी तितली. मग म्हायेरानंच तितं जायला पायजे का न्हाई?"

तिचं माहेर म्हणजे आता एकटे नाना. वैशूची आई जाऊन तीन वर्षं झाली होती.

"जा की," मी म्हणालो.

"वैशू गेली तवा तिला इंग्रजीची परीक्षा द्यावी लागली हुती. मला बी लागंल का?"

मला माहीत नव्हतं. हे सांगायला अर्धा क्षण पुरला असता. त्या अर्ध्या क्षणात मी चष्मा वर केला आणि म्हणालो, "लागणार की, नाना. ऐकणं-वाचणं निभून जाईल. खरी अडचण बोलण्याची आणि लिहिण्याची."

"म्हंजी तोंडी आन् लेखी."

"तोंडी आणि लेखी."

"तुमी शिकवणार?"

"शिकवीन की."

मला वाटलं होतं, पासष्टीचा माणूस, चार दिवसांत कंटाळेल. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला दार वाजलं. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात दुधाची बरणी. "गुरुदक्षिणा," नाना म्हणाले. त्या दिवसापासून रोज एक लिटर म्हशीचं दूध आमच्याकडे येऊ लागलं आणि रोज सहाला शिकवणी सुरू झाली. वैशूला सांगायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली. पास झालो तर सांगू. नापास झालो तर पोरीला या दिवसांत घोर नको.

त्या शिकवणीचं काय सांगू? मरणाच्या भाषणातून नानांना बाहेर काढायला मला सात आठवडे लागले. ते सुटलं तेव्हा दुसरंच सुरू झालं. विषय मिळाल्यावर ते आधी मान्यवरांची नावं घ्यायला लागले. "रिस्पेक्टेड परीक्षक साहेब, रिस्पेक्टेड पोलीस पाटील, रिस्पेक्टेड चेअरमन, रिस्पेक्टेड माजी सरपंच, ऑल ब्रदर अँड सिस्टर..." दोन मिनिटांतली पावणेदोन यातच जात.

"नाना, परीक्षेच्या खोलीत फक्त दोघं असतात. तुम्ही आणि परीक्षक."

"दोगंच?"

"दोघंच."

"मग तर नाव घ्यायलाच पायजे. एकच मानूस समोर, आन् त्याचा बी मान न्हाई ठिवला तर रुसंल."

"तो रुसत नाही. तो गोरा असतो."

"गोरा असला म्हून काय झालं? त्याला बी आईबाप हायेत."

साधे प्रश्न तर त्याहून कठीण. तुम्ही कुठं राहता, असं मी परीक्षक होऊन विचारलं की नाना गप्प बसत आणि माझ्याकडे अपेक्षेनं बघत. तीनदा विचारल्यावर त्यांनी खुलासा केला. "आधी त्याचं गाव इचारायचं, मग आपलं सांगायचं. नुसतं आपलंच सांगत सुटायचं, ही काय रीत हाय?" मी सांगितलं की उलट प्रश्न विचारायचा नाही. यावर ते दोन दिवस नाराज होते. आपल्या गावाचं, घराचं, आवडीनिवडीचं सगळं काढून घ्यायचं आणि स्वतःचं काही सांगायचं नाही, हा माणूस त्यांच्या मते परीक्षक नसून जमिनीचा दलाल होता.

लेखीला तर मी डोकं धरून बसत असे. पत्रलेखनात मित्राला जेवायला बोलवायचं होतं. नानांनी डाव्या हाताला समास सोडला, वर आवक क्रमांकासाठी जागा ठेवली आणि लिहिलं: सब्जेक्ट, मित्राने जेवणास येणेबाबत, हे इंग्रजीत. मग, मी खाली सही करणारा अर्जदार सदर गावचा कायम रहिवासी असून. शेवटी दोन साक्षीदारांच्या सह्यांसाठी रेघा.

"नाना, जेवायला बोलवायला साक्षीदार कशाला?"

"आला न्हाई तर?"

एकदा पुस्तकातून विषय निघाला: तुमच्या घरात एक अडचण आहे, तिच्याबद्दल घरमालकाला तक्रारीचं पत्र लिहा. नानांनी विषय वाचला, पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"काय त्रास हाय तुमाला?"

"मला नाही, नाना. हा पुस्तकातला विषय आहे."

"पाच वर्सं ऱ्हातायसा. काय असंल तर तोंडावर सांगायचं. पुस्तकाच्या आडून कशाला?"

मी शपथेवर सांगितलं की माझी काही तक्रार नाही. तेवढ्यात मंगल आतून म्हणाली, "न्हाणीघरातला नळ गळतो, नाना." दोन वर्षं गळत होता. दुपारी प्लंबर आला. त्यानंतर मंगलला माझ्या शिकवणीत रस वाटू लागला. "त्यांना आता खिडकीच्या जाळीबद्दल लिहायला सांगा," ती मला म्हणे.

असे चार महिने गेले. परीक्षेचा अर्ज कधी भरायचा, असं नाना विचारत आणि मी म्हणे, अजून महिनाभर तयारी करू. खरं म्हणजे नानांना परीक्षेला बसवायची मला लाज वाटत होती. माझा विद्यार्थी समोरच्या गोऱ्या माणसाला श्रद्धांजली वाहून येणार, हे मला दिसत होतं.

मग माझा एक जुना विद्यार्थी भेटला. हिंजवडीला नोकरी करतो. आईला बहिणीकडे परदेशी सोडून आला होता. मी सहज विचारलं, आईनं इंग्रजीची परीक्षा कशी दिली? तो हसला. "लेकीकडे राहायला जाणाऱ्याला कसली परीक्षा, सर? ती नोकरीवाल्यांना. आई तर अंगठा लावते."

घरी येऊन मी सगळं वाचून काढलं. न्यूझीलंडचंही तेच. परीक्षा लागत नव्हती. कधीच लागत नव्हती.

त्या दिवशी खाली उतरून नानांना सांगायला जिन्याच्या तेरा पायऱ्या होत्या. मी बावीस दिवस उतरलो नाही. काय सांगणार? चार महिने रोज सहाला टॉर्च घेऊन उभं केलं, तेही मला माहीत नाही म्हणता आलं नाही म्हणून? उद्या सांगू म्हणायचो. सकाळी दार वाजायचं, दूध यायचं, मी नानांच्या चुका काढायचो, आणि आधीपेक्षा जास्त चिडून काढायचो. याचं कारण मला तेव्हाही कळत होतं. एकदा तर मी त्यांच्या वहीवर तांबड्या पेनानं आडवी रेघ मारली. नानांनी दुसऱ्या दिवशी तेच पत्र पुन्हा लिहून आणलं. मंगल म्हणाली, "चहा तसाच का टाकून दिलात?" मी म्हणालो, दुधाला वास येतोय. दूध चांगलं होतं.

तेविसाव्या दिवशी मी सांगितलं. पण कसं सांगितलं ते ऐका. मी म्हणालो, "नाना, नियम बदलला. आता परीक्षा लागत नाही."

एका खोट्यावर दुसरं ठेवलं आणि ते नीट बसलंही. नानांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, "सर, तुमी नसता तर मला कोन सांगणार हुतं?" त्याच दिवशी आम्ही व्हिसाचा अर्ज भरला. पासपोर्ट तयार होता. वैशू परदेशी गेली तेव्हाच नानांनी आणि वैशूच्या आईनं मिळून काढलेले दोन पासपोर्ट एका प्लास्टिकच्या पिशवीत होते. नानांनी आपला काढून दिला आणि दुसरा तसाच पिशवीत ठेवून पिशवीला गाठ मारली.

पुढच्या दशक्रियेत नानांनी घाटावरून माइकवर माझे जाहीर आभार मानले. सरकारनं कायदा बदलल्याची बातमी सरांनी शोधून काढली, असं सांगितलं. त्या घाटावर नानांच्या तोंडून नाव निघालं म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक. मागं बसलेल्या एका म्हातारीनं दचकून विचारलं, "म्हंजी, मास्तर कवा गेलं?" लोक हसले. मी नदीकडे बघत बसलो.

आता शिकवणी संपली, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सहाला दार वाजलं.

"नाना, परीक्षा गेली ना आता?"

"परीक्षा गेली. बोलायचं ऱ्हायलंय."

मी बाजूला झालो. नाना उभे राहिले नाहीत. प्रथमच खुर्चीत बसले. टॉर्च मांडीवर ठेवली. कार्ड त्यांनी स्वतःच आणलं होतं, लग्नपत्रिकेच्या पाठीमागं लिहिलेलं. विषय: डिस्क्राइब युअर वाइफ.

"जावई केरळचा," ते म्हणाले. "त्याला मराठी येत न्हाई, वैशूला त्याची भाषा येत न्हाई. घरात समदं इंग्रजीच. पोराला बी तेच येणार. मग त्याला त्याची आजी कोन सांगणार? वैशू रडती. तिला जमायचं न्हाई."

वैशूच्या आईच्या दहाव्याला मी होतो. सगळे बोलले. शेवटी माइक नानांच्या हातात दिला. वैशू तिकडून फोनवर बघत होती. नानांनी माइकवर दोनदा फुंकर मारली, तोंड उघडलं आणि मिटलं. दोन मिनिटं तरी ते तसेच उभे होते. मग माइक परत देऊन ओल्या पायांनी पायऱ्या चढून निघून गेले. गावानं त्या गोष्टीचा पुन्हा कधी उल्लेख केला नाही.

"बोला," मी म्हणालो.

"हर नेम सुमन," नाना म्हणाले. पाच वर्षांत त्यांच्या तोंडून मी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. आजवर ती फक्त 'वैशूची आई' होती. "सुमन व्हेरी अँग्री वुमन. मी से लेखी द्या, सुमन से गो टू युअर पंचायत. सुमन मेक भाकरी. सुमन नॉट ईट फर्स्ट. मी से ईट, सुमन से आफ्टर. ऑलवेज आफ्टर." इथं ते थांबले. मान्यवरांची नावं घेतली नव्हती. देवाकडे शांतीही मागितली नाही. "फुडचं येत न्हाई," ते म्हणाले. "उद्या."

रोज एक-दोन वाक्यं पुढे जात होतं. मी चुका काढायचं सोडून दिलं होतं. चुका त्यात भरपूर होत्या.

व्हिसा यायला सात आठवड्यांच्या वर लागले. तो यायच्या आधीच एका दुपारी नाना वर आले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर फडक्यात गुंडाळलेलं एक तांबूस तोंड होतं. मुलगी. वैशू सुखरूप होती. मंगलनं साखर आणली. नानांनी चिमूटभर घेतली. डिंकाचे लाडू, खारीक, बाळंतशेपा, सगळं बांधून खाली कोनाड्यात तयार होतं. मोबाइलवरून अंगठा फिरवत ते म्हणाले, "सरकारानं नियम जरा आदी बदलाया पायजे हुता."

मी तेव्हाही बोललो नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या बॅगेचं वजन करायला खाली गेलो. बाळ चौदा दिवसांचं झालं होतं, नाना पोचतील तेव्हा सोळा दिवसांचं होणार होतं. नाना बरण्यांना फडकी बांधत होते. बांधता बांधता म्हणाले, "वैशूचं डोस्कं फिरलंय. काल फोनवर वाद घालीत बसली. म्हणती, दादा, असला नियम कवा नव्हताच. पयल्यापास्नं नव्हता."

"मग?"

"मग काय. गप केलं तिला. म्हणलं, तू चार वर्सं तितं हायेस म्हून शाणी झालीस व्हय? आमचं सर खोटं बोलत न्हाईत."

माझ्या हातात बॅगेचा पट्टा होता. तो मी खाली ठेवला.

"वैशू खरं बोलते, नाना. नियम नव्हताच. मला माहीत नव्हतं, मी ठोकून दिलं. नंतर कळलं, तरी सांगितलं नाही."

नाना बरणीची गाठ मारत होते. ती पुरी मारली. "कवा कळलं?"

"नियम बदलला म्हणालो ना, त्याच्या बावीस दिवस आधी."

नाना अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवू लागले. एकतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. सोळा एका बाजूला धरले, बावीस दुसऱ्या.

"म्हंजी सा दिस आदी पोचलो असतो," ते म्हणाले.

गोठ्यात म्हैस साखळी ओढत होती. मी म्हणालो, "नाना, माझं चुकलं. मला माफ करा." माझाच आवाज मला वर्गातल्यासारखा वाटला.

नाना उठले. कोनाड्यातून आपली शिकवणीची वही आणली, कोरं पान उघडलं आणि पेनासकट माझ्यासमोर ठेवली. मनगटावरचं घड्याळ काढून शेजारी ठेवलं.

"तोंडी झालं. आता लेखी."

"इंग्रजीत?"

"मराठीत लिवा. मला एका दमात वाचता याया पायजे. ईस मिन्टं. दीडशे शब्द."

पोरांकडून असली शेकडो पत्रं लिहून घेतलेला मी, पण पहिली दहा मिनिटं समासच आखत बसलो. नाना समोर बसून होते. मदत केली नाही, घाईही केली नाही. वेळ संपल्यावर त्यांनी वही ओढून घेतली आणि एकेका शब्दावर बोट ठेवून मोजलं.

"कमी हायेत."

"जास्त नाही जमत, नाना."

त्यांनी पान फाडून घेतलं, चार घड्या घातल्या, प्लास्टिकच्या पिशवीची गाठ सोडली आणि दोन पासपोर्टांच्या मधे ठेवलं. त्यावर 'मंजूर' लिहिलं नाही. नामंजूरही लिहिलं नाही. कागदावर एवढंच होतं:

प्रति, सोपाननाना, कासार आंबोली. अर्जदार, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. विषय, माफी मिळणेबाबत. महोदय, तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत नाही, एवढे तीन शब्द मला म्हणता आले नाहीत. माहीत झालं तेव्हा मी बावीस दिवस तुमचं दूध प्यालो आणि गप्प बसलो. मग बोललो तेही खोटं बोललो. तुमची नात जन्मली तेव्हा तुम्ही तिथं असायला हवं होतं, सुमनवहिनींच्या वाटचंही. ते माझ्यामुळे हुकलं. ते मला भरून देता येणार नाही. माझी काही बाजू नाही. मी तुमची माफी मागतो.